२^१२७ − १ ही संख्या मूळ आहे हे कशावरून, आणि त्यातून पुढे काय निघते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण २^१२७ − १ ही संख्या घेतली (^ हे चिन्ह येथे घात दाखवते), फर्माच्या छोट्या प्रमेयावर आधारलेली चाचणी २ हा पाया धरून तिला लावली आणि बाकी १ आली. एवढ्यावरून ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले का, असे आपण विचारता. ती मूळ असल्यास तिचे गणिती गुणधर्म कोणते, आणि संदेश सांकेतिक करणाऱ्या आपल्या प्रोग्रॅममध्ये ती वापरता येईल का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

ही संख्या मूळ आहे, यात शंका नाही. परंतु आपण केलेल्या चाचणीवरून ते कळत नाही, आणि कधीच कळले नसते. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे. ‘ही संख्या मूळ आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘या विशिष्ट घडणीच्या संख्येला कोणती चाचणी खरोखर काही सांगू शकते’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि एकदा ती घडण समजली की गुणधर्मांचे आणि वापराचे उत्तरही तिच्यातूनच निघते. वापराविषयीचे उत्तर मात्र आपला प्रोग्रॅम या संख्येकडून नेमके काय मागतो यावर अवलंबून राहील. मोठ्या पूर्णांकांची गणिते करणारे प्रोग्रॅम लिहिणे आणि तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते बरेचसे त्या कामातून आलेले आहे.

प्रथम संख्या पूर्ण लिहून घेऊ: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. तिच्यात ३९ अंक आहेत. पुढे तिला ‘म’ म्हणू. दशमान पद्धतीत तिचे रूप काहीच बोलत नाही. द्विमान पद्धतीत लिहिली तर ती म्हणजे ओळीने १२७ वेळा लिहिलेला १. आपल्या चाचणीचा निष्फळपणा आणि पुढे येणाऱ्या साऱ्या सोयी या एकाच वस्तुस्थितीतून निघतात: म ला अगदी चिकटून २ चा एक शुद्ध घात उभा आहे.

आता चाचणीकडे येऊ. फर्माचे प्रमेय सांगते की म मूळ असेल आणि पाया तिच्या पटीत नसेल, तर पायाचा म − १ वा घात म ने भागल्यावर बाकी १ उरते. उलट विधान खरे नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. तरीही सर्वसाधारण मोठ्या संख्येच्या बाबतीत ही चाचणी पुष्कळ काही सांगते, म्हणून ती वापरली जाते. २^प − १ या घडणीच्या संख्येला पाया २ ची चाचणी लावणे मात्र निरर्थक आहे. या संख्येने भागताना २^प ची बाकी आपोआप १ च असते, कारण २^प हा त्या संख्येपेक्षा फक्त एकाने मोठा आहे. प मूळ असेल तर फर्माच्याच प्रमेयामुळे २^प − २ ला प ने भाग जातो, म्हणजे चाचणीतला घातांक प च्या पटीत असतो, आणि म्हणून बाकी १ येणारच, मग ती संख्या मूळ असो वा संयुक्त असो.

उदाहरणासाठी २^११ − १ म्हणजे २०४७ घ्या. ही संख्या २३ × ८९ आहे. तरीही २ चा २०४६ वा घात २०४७ ने भागला तर बाकी १ येते. अधिक कडक समजली जाणारी मिलर-राबिन चाचणी लावली तरी पाया २ धरल्यास २०४७ तीतूनही सुटते. मिलर-राबिन चाचणीत पाया २ ला फसवणाऱ्या संयुक्त संख्यांमध्ये २०४७ ही सर्वांत लहान आहे. पाया ३ घेतला की ती लगेच पकडली जाते. म्हणून अशा संख्यांना २ हा पाया कधीही लावू नये, आणि एखाद्या तयार साधनाने ‘ही संख्या मूळ दिसते’ असे सांगितले तर त्याने कोणते पाये वापरले हे आधी पाहावे. ही चूक मी इतरांच्या प्रोग्रॅममध्ये अनेकदा पाहिली आहे, आणि ती करणारे लोक निष्काळजी नव्हते; २ हा सर्वांत सोयीचा पाया असल्यामुळे तोच आधी सुचतो.

भागून पाहण्याचा सरळ मार्ग किती दूरवर नेतो, तेही पाहू. म चे वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९ आहे. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र घेतले आणि त्याने प्रत्येक संख्येने भागून पाहिले, तर ४०० वर्षांहून अधिक काळ लागेल. परंतु येथे घडण पुन्हा मदतीला येते. म ला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या संख्येने भागताना २^१२७ ची बाकी १ असेल. १२७ हा स्वतः मूळ असल्यामुळे त्याहून लहान कोणत्याही घाताला ही बाकी १ येणार नाही. आणि त्यावरून तो भाजक २५४ च्या एखाद्या पटीपेक्षा एकाने मोठा असावाच लागतो. शिवाय ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ असावी लागते. या दोन अटी एकत्र लावल्या की २५५, १०१७, १२७१ आणि २०३३ हे पहिले चार उमेदवार मिळतात. ते चारही संयुक्त असल्यामुळे आपोआप बाद होतात, आणि खरोखर तपासावी लागणारी पहिली संख्या निघते २२८७. तिच्याआधीच्या एकाही मूळ संख्येकडे पाहावे लागत नाही.

२२८७ ची तपासणी हाताने करता येते, आणि ती करून पाहावी असे मी सुचवेन, कारण मोठे घात लहान बाकींतून कसे काढतात ते तिच्यात दिसते. २^७ म्हणजे १२८. त्याचा वर्ग करून दुप्पट केली की २^१५ मिळतो आणि त्याची बाकी ७५० येते. पुन्हा वर्ग आणि दुप्पट केल्यावर २^३१ ची बाकी −२०४, पुढे २^६३ ची ९०० आणि २^१२७ ची ८०४. बाकी १ आली नाही, म्हणजे २२८७ ने म ला भाग जात नाही. या चाळणीने चारशे वर्षांचे काम त्याच यंत्रावर सुमारे दहा महिन्यांवर येते. सुधारणा मोठी आहे, पण एका संख्येसाठी दहा महिने हा काही उपाय नव्हे. आणि १८७६ मध्ये तर यंत्रेच नव्हती.

त्या वर्षी फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनी ही संख्या मूळ असल्याचे दाखवले. त्यामागची कल्पना मला संख्या सिद्धांतातील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. डेरिक लेमर यांनी १९३० च्या सुमारास तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. ४ पासून आरंभ करा. प्रत्येक पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करा, त्यातून २ वजा करा आणि २^प − १ ने भागून बाकी घ्या. अशा प − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. न आली तर संयुक्त. येथे ‘बहुधा’ हा शब्द लागत नाही. प ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या असावी, एवढीच अट आहे.

धाकट्या भावंडावर, म्हणजे २^७ − १ = १२७ वर, हे करून पाहू. पाच पायऱ्या लागतील. ४ नंतर १४. मग १९४, ज्याची बाकी ६७. मग ६७ च्या वर्गातून २ वजा केल्यावर ४४८७, बाकी ४२. मग १७६२, बाकी १११. आणि शेवटी १२३१९, जी बरोबर १२७ × ९७ आहे, म्हणून बाकी शून्य. १२७ मूळ आहे. आपल्या ३९ अंकी संख्येसाठी हेच १२५ वेळा करायचे असते. आजच्या साध्या संगणकाला त्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

हे का चालते, ते समजून न घेता चाचणी वापरणे मला पटत नाही, म्हणून तर्काचा सांगाडा देते. एखादी संख्या मूळ असल्याची सिद्धता देण्याचा एक जुना मार्ग असा आहे की तिच्या संदर्भात असा एखादा घटक शोधायचा, ज्याचे घात करत गेल्यावर १ परत येण्यासाठी फार मोठा फेरा लागतो. फेरा नेमका किती लांब आहे हे ठरवण्यासाठी त्या लांबीचे अवयव माहीत असावे लागतात. नेहमीच्या गणितात हा फेरा म − १ शी जोडलेला असतो आणि म − १ चे अवयव काढणे कष्टाचे असते. ल्युकांनी म + १ शी जोडलेला फेरा घेतला, आणि म + १ म्हणजे २^१२७! तिला २ सोडून दुसरा मूळ अवयवच नाही.

त्यासाठी साध्या पूर्णांकांऐवजी ‘क + ख√३’ अशा रूपाच्या संख्या घ्याव्या लागतात, ज्यांत क आणि ख हे म ने भागल्यावर उरलेल्या बाकी असतात. या संख्यांत २ + √३ हा घटक घ्या. त्याला २ − √३ ने गुणले की १ येतो, म्हणजे दोघे एकमेकांचे व्यस्त आहेत, आणि दोघांची बेरीज ४ आहे. आपल्या क्रमाचा आरंभ ४ ने होतो तो यामुळे. प्रत्येक पायरीला वर्ग करून २ वजा करणे म्हणजे या दोघांचे वर्ग करून त्यांची बेरीज घेणे. शेवटी शून्य आले याचा अर्थ असा की २ + √३ चा २^१२६ वा घात −१ आहे, आणि म्हणून १ परत येण्यासाठी नेमका २^१२७ लांबीचा फेरा लागतो, त्याहून लहान चालत नाही. आता समजा, म ला तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसलेला एखादा मूळ भाजक भ आहे. भ च्या संदर्भात पाहिले तर अशा जोड्या भ × भ पेक्षा अधिक असूच शकत नाहीत, त्यांतील शून्य वगळता त्या आणखी कमी होतात, म्हणजे फेऱ्यासाठी उपलब्ध जागा म पेक्षाही कमी आहे. पण फेरा तर २^१२७ चा, म्हणजे म हून मोठा, हवा. हा विरोध असल्यामुळे असा भाजक असणे अशक्य आहे. उलट बाजू, म्हणजे संख्या मूळ असल्यास शून्य येतेच, हीसुद्धा खरी आहे. तिच्यासाठी म ने भागताना ३ ही कोणत्याही वर्गाची बाकी नसते, ही गोष्ट लागते.

ल्युकांच्या या निकालाला एक पार्श्वभूमी आहे. मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना २^प − १ मूळ असते त्याची यादी दिली होती: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. त्यांतील १२७ बरोबर निघाला. ६७ आणि २५७ चुकीचे ठरले, आणि ६१, ८९ व १०७ हे यादीतून सुटले होते. २^६७ − १ संयुक्त असल्याचे ल्युकांनी १८७६ मध्येच दाखवले, परंतु तिचे अवयव तेव्हा कोणाच्याही हाती नव्हते. १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडला. संख्या संयुक्त आहे हे निश्चित कळणे आणि तिचे अवयव कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावताना मी नेहमी या सत्तावीस वर्षांचा दाखला देते. म स्वतः १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे, आणि ती मूळ असल्याचे अखेर ल्युका-लेमर चाचणीनेच पक्के करण्यात आले.

आपण स्वतः प्रोग्रॅम लिहीत आहात, म्हणून दोन व्यावहारिक धोके सांगते. पहिला धोका दशांश अपूर्णांकांसाठी असलेल्या प्रकारात संख्या ठेवण्याचा. सामान्य ६४ बिटच्या अपूर्णांक प्रकारात ५३ द्विमान अंकच नेमके राहतात आणि म ला १२७ लागतात. म्हणून ती जवळच्या मावणाऱ्या संख्येकडे, म्हणजे थेट २^१२७ कडे, सरकते, आणि छापल्यावर शेवटी ७२७ ऐवजी ७२८ दिसते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत माझ्या एका प्रोग्रॅमने ही संख्या सम असल्याचे सांगितले होते, आणि चाचणीतला दोष शोधण्यात मी दोन दिवस घालवले. दोष चाचणीत नव्हता, संख्याच चाचणीपर्यंत पोहोचली नव्हती. दुसरा धोका वर्ग करताना येतो. म १२८ बिटमध्ये मावते, पण १२७ बिटच्या संख्येचा वर्ग २५४ बिटपर्यंत जातो, आणि तो मावेल एवढी जागा नसेल तर वरचे अंक अनेकदा कोणतीही सूचना न देता गळून पडतात. आपली भाषा कितीही मोठे पूर्णांक स्वतः सांभाळत असेल तर प्रश्न नाही; नसेल तर तशी लायब्ररी वापरावी.

येथपर्यंतचा सारांश एवढाच की पाया २ ची चाचणी रद्द समजावी, भागाकाराची चाळणी शिकण्यापुरती ठेवावी आणि निर्णयासाठी ल्युका-लेमर वापरावी. आता गुणधर्मांकडे वळते.

म मूळ असल्यामुळे तिच्या बाकींच्या जगात, म्हणजे म ने भागल्यावर उरणाऱ्या बाकींत, शून्य सोडून प्रत्येक संख्येला व्यस्त असतो, आणि न घाताच्या बहुपदीला न पेक्षा अधिक मुळे नसतात. दुसरे विधान साधे वाटते, पण संयुक्त संख्येबाबत ते लगेच कोसळते: २०४७ च्या जगात ज्याचा वर्ग १ आहे अशा संख्या १ आणि −१ एवढ्याच नाहीत, ६२२ सुद्धा तशीच आहे, कारण ६२२ चा वर्ग २०४७ × १८९ पेक्षा एकाने मोठा आहे. म च्या जगात असे कधीच घडत नाही.

वर्गमुळे काढणे येथे विलक्षण सोपे आहे. ४ ने भागल्यावर म ची बाकी ३ येते, आणि अशा मूळ संख्येबाबत एखाद्या वर्गाचे मूळ काढण्यासाठी त्याचा (म + १)/४ वा घात करणे पुरेसे असते. म + १ हा २^१२७ असल्यामुळे हा घात म्हणजे २^१२५, म्हणजेच फक्त १२५ वेळा वर्ग करत जाणे. मध्ये दुसरा एकही गुणाकार लागत नाही. वर्ग करत करत वर्गमूळ मिळावे, ही गोष्ट मी प्रथम पाहिली तेव्हा तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला होता. २ चे वर्गमूळ तर लिहूनच देता येते: ते २^६४ आहे, कारण त्याचा वर्ग २^१२८ म्हणजे २ × २^१२७, आणि २^१२७ ची बाकी १. १२७ च्या लहान जगात हेच १६ च्या रूपात दिसते. १६ चा वर्ग २५६, आणि त्याची बाकी २. याउलट −१ ला येथे वर्गमूळ नाही. त्यामुळे म ही दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, आणि त्याचमुळे म च्या जगाला −१ चे काल्पनिक वर्गमूळ जोडून म × म घटकांचे एक मोठे, सुसंगत जग उभारता येते.

म − १ ही बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. तिचे अवयव पूर्ण माहीत आहेत: २ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९. अवयवांची ही यादी पुढे वापराच्या प्रश्नात निर्णायक ठरेल. २ चे घात मात्र म च्या जगात फक्त १२७ वेगवेगळ्या जागी फिरून परत १ वर येतात, म्हणजे एवढ्या विराट जगात २ चा फेरा अत्यंत तोकडा आहे. आपली पाया २ ची चाचणी निष्फळ का ठरली, त्याचे हे दुसरे वर्णन आहे.

शेजारच्या संख्यांबद्दलही थोडे सांगते. म + २ ला ३ ने भाग जातो आणि म − २ ला ५ ने, म्हणून म ला जुळी मूळ संख्या नाही. पण म + २ ला ३ ने भागून मिळणारी (२^१२७ + १)/३ ही संख्या पुन्हा मूळ आहे. म ला २^१२६ ने गुणले की ७७ अंकांची परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच असते. आणि २ पासून निघून प्रत्येक वेळी ‘२ चा तेवढा घात वजा १’ घेत गेले तर २, ३, ७, १२७ आणि मग म, असे पाच मूळ संख्यांचे टप्पे लागतात. पुढचा टप्पा २^म − १ याचा आहे, ज्यात सुमारे ५ × १०^३७ अंक असतील. तो मूळ आहे की नाही, हे कोणालाही ठाऊक नाही, आणि एवढे अंक लिहून ठेवता येतील अशी साठवणही नाही. फक्त लहान भाजक शोधत राहणे शक्य आहे.

आता वापर. जेथे संख्या गुप्त ठेवायची नसून फक्त वेगाने आणि अचूक गणित हवे असते, तेथे म उत्कृष्ट आहे. तिने भागण्यासाठी भागाकार करावाच लागत नाही: २५४ बिटच्या गुणाकाराचे खालचे १२७ बिट आणि वरचे १२७ बिट वेगळे करून त्यांची बेरीज घ्यायची, आणि बेरीज म एवढी किंवा तिच्याहून मोठी झाली तर एकदा म वजा करायची. मजकुराचे तुकडे बहुपदीचे सहगुणक मानून यादृच्छिक बिंदूपाशी किंमत काढणे, ही हॅश (म्हणजे मजकुराची संख्येच्या रूपातली छोटी खूण) काढण्याची रीत येथे फार चांगली चालते, कारण न तुकड्यांचे दोन भिन्न मजकूर जास्तीत जास्त न बिंदूंपाशीच जुळू शकतात. याच कारणाने तिच्या लहान बहिणी रोजच्या वापरात आहेत. पायथॉन भाषा ६४ बिटच्या यंत्रांवर संख्यांचे हॅश काढताना २^६१ − १ वापरते.

परंतु आपल्या प्रोग्रॅममध्ये म ला गुप्त अवयव म्हणून, उदाहरणार्थ आरएसए या कूटपद्धतीच्या किल्लीतील दोन गुप्त मूळ संख्यांपैकी एक म्हणून, वापरायचे मनात असेल, तर ते करू नये. जी संख्या १८७६ पासून जगजाहीर आहे तिने भागून पाहणे हे हल्लेखोराचे पहिले काम असेल. ती अज्ञात असती तरीही विल्यम्स यांच्या १९८२ च्या म + १ पद्धतीपुढे ती क्षणभरही टिकली नसती, कारण त्या पद्धतीला हवे असते ते म + १ चे लहान अवयव, आणि येथे सारेच अवयव २ आहेत.

किल्लीची देवाणघेवाण करण्यासाठी म च्या जगातले घात वापरायचे असतील, तरीही उत्तर नकारार्थीच आहे, आणि त्याचे कारण वरच्या यादीत आहे. पोलिग आणि हेलमन यांनी १९७८ मध्ये दाखवले की घातावरून घातांक शोधण्याचा प्रश्न म − १ च्या प्रत्येक मूळ अवयवासाठी वेगळा सोडवता येतो. सर्वांत मोठा अवयव ७७१५८६७३९२९ आहे आणि त्याच्यासाठी लागणारे टप्पे त्याच्या वर्गमूळाच्या मापाचे, म्हणजे सुमारे २ लाख ७८ हजारांच्या मापाचे आहेत. एवढे काम साधा संगणकही पाहता पाहता करतो. शिवाय या प्रकारच्या देवाणघेवाणीसाठी आज २०४८ बिट किंवा त्याहून मोठ्या मूळ संख्या घेतल्या जातात. १२७ बिट हे मापच अपुरे आहे.

मग कूटलेखनात म ला स्थानच नाही का? आहे, पण वेगळ्या भूमिकेत. क्रेग कॉस्टेलो आणि पॅट्रिक लाँगा यांनी २०१५ मध्ये मांडलेला फोर-क्यू हा इलिप्टिक वक्र (ज्याच्या बिंदूंची एकमेकांत बेरीज करता येते असा, कूटलेखनात वापरला जाणारा वक्र) वर सांगितलेल्या म × म घटकांच्या जगावर उभा आहे. तेथे सुरक्षितता म − १ च्या किंवा म + १ च्या अवयवांवर अवलंबून नसते. ती वक्रावरील बिंदूंच्या संख्येवर अवलंबून असते, आणि त्या संख्येत २४६ बिटचा एक मूळ अवयव आहे. म कडून तेथे फक्त जलद गणित घेतले जाते. आपल्याला सुरक्षितता हवी असेल तर अशी तपासलेली रचना तयार लायब्ररीतून घ्यावी; स्वतःची रचना शिकण्यासाठी लिहावी, दुसऱ्याचे संदेश तिच्यावर सोपवू नयेत.

आपला प्रोग्रॅम दुरुस्त केल्यावर तो थेट म वर चालवू नका. आधी घातांक ७ देऊन ४, १४, ६७, ४२, १११, ० हा क्रम जुळतो का ते पाहा. मग घातांक ११ द्या. नऊ पायऱ्यांनी ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६ असा क्रम यायला हवा, आणि शेवटी शून्य न आल्यामुळे प्रोग्रॅमने २०४७ ला संयुक्त म्हणायला हवे. २३ आणि २९ या घातांकांनाही तसेच उत्तर आले पाहिजे, आणि १३, १७, १९, ३१ यांना शून्य आले पाहिजे. हे सर्व जुळले की १२७ द्या. एखादी पायरी जुळली नाही तर पहिली चुकलेली संख्या आणि आपण वापरत असलेला पूर्णांकाचा प्रकार मला कळवा. चूक कोठे आहे हे बहुधा त्या दोन गोष्टींवरूनच सांगता येईल.